शेळीनं खाल्लेलं चौऱ्याऐंशी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "विमलताई, तुम्ही उभा जन्म गावच्या वाचनालयात काढलात. 'ग्रंथ आणि संस्कार' असं काहीतरी लिहा." मी म्हटलं, "साहेब, संस्कारांचं माझ्याकडं काही खास नाही. एक शेळी आहे, चालेल का?" मग म्हणाले, "चालेल, पण सांभाळून लिहा." तर सांभाळून लिहिते.

केज तालुक्यातलं आमचं गाव. बाजाराला युसूफ वडगावला जायचं, दवाखान्याला अंबाजोगाईला आणि दाद मागायला कुठंच नाही. गावात चावडीशेजारी एक खोली होती. खोलीत चार लोखंडी कपाटं, दोन बाकडी, एक टेबल, आणि टेबलामागं मी. वय बावीस. अंबाजोगाईला उन्हाळ्यात ग्रंथपालनाचा वर्ग करून प्रमाणपत्र घेतलेलं. ते मी सासरी येताना ट्रंकेत साड्यांच्याही वर ठेवून आणलं होतं. शिवाय तिथूनच एक चष्मा घेतला होता. माझे डोळे घारीसारखे होते, काचांना नंबर नव्हता. पण चष्म्याशिवाय ग्रंथपाल म्हणजे मळवटाशिवाय देवी, असं त्या विमलचं मत. त्या विमलला आज मी रस्त्यात भेटले तर आधी तिचा चष्मा काढून घेईन, मग दोन शब्द बोलेन.

ग्रंथपाल काय करते, हे बाहेरच्या माणसाला वाटतं तितकं सोपं नाही आणि आम्ही सांगतो तितकं अवघडही नाही. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला नंबर द्यायचा. मग शिक्के मारायचे. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर, आणि मधल्या एका गुप्त पानावर. हे गुप्त पान प्रत्येक वाचनालयाचं वेगळं असतं. चोरानं पहिलं-शेवटचं पान फाडलं तरी गुप्त पानावरून आपलं पुस्तक ओळखता येतं. आमचं गुप्त पान सतरावं. ते सगळ्या गावाला माहीत होतं, कारण विमलनंच अभिमानानं सगळ्यांना सांगितलं होतं.

त्याशिवाय वाचकांची हजेरी. रोज जो येईल त्यानं वहीत नाव लिहून सही करायची. ही वही म्हणजे वाचनालयाची नाडी. सरकार वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देतं. वर्गावर अनुदान, अनुदानावर वर्तमानपत्र, पुस्तकं आणि माझी नोकरी. आमचं वाचनालय ड. ड-च्या खाली दार.

ते दार दाखवायला आबासाहेब टपलेले होते. आबासाहेब म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष. गावातली निम्मी काळी जमीन त्यांची, सोसायटी त्यांची, आणि नात्यानं ते माझे चुलत सासरे. एकोणीसशे चौऱ्याऐंशी उजाडलं त्याच आठवड्यात ते आले, खोलीकडं छतापासून फरशीपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, खोली कोरडी हाय. खताच्या पोत्याला असली जागा लागती."

"आबा, हे वाचनालय आहे."

"हाय की. पण ड हाय. औंदा तपासणीत क झालं तर ऱ्हाऊ द्या. न्हाई झालं तर पुस्तकं शाळंत, खत हितं, आन तुमी घरी. सासूबाई बी म्हनत हुत्या, घरात मानूस कमी पडतंय."

जाताना त्यांनी दोन पोती नमुन्यादाखल कोपऱ्यात ठेवून दिली. वर्षभर त्या पोत्यांचा वास घेत मी बसले. तेव्हा सांगते, त्या साली देशात पुष्कळ काही पणाला लागलं असेल, माझी खोली लागली होती.

क वर्ग मिळवायला विमलनं एक शक्कल काढली. वर्षभर वर्तमानपत्रातली कात्रणं जमवायची आणि वर्ष संपलं की मोठ्या फलकावर लावायची: या वर्षी देशात काय घडलं, कोण मोठं झालं, कोण गेलं. तपासनीस फलक बघतील, थक्क होतील, क देतील. अंबाजोगाईच्या वर्गात शिकवलंच होतं, की प्रदर्शनानं वाचनालय जिवंत होतं.

आता आमच्याकडं वर्तमानपत्र एकच येई. तेही एस.टी.नं, एक दिवस उशिरा. ते आलं की आधी विमल कात्री घेऊन बसायची, मग गावाला वाचायला मिळायचं. कात्रणाच्या मागच्या बाजूला काय छापलंय हे बघायची तिला गरज वाटत नसे. एकदा मोंढ्याचा भाव बघायला आलेले एक पाहुणे पेपर उघडून बसले आणि नेमक्या तुरीच्या जागी पडलेल्या भोकातून माझ्याकडं बघत म्हणाले, "बाई, तूर दिसंना, पर तुमी दिसता."

असं त्या वर्षी गावात लोकांनी भोकं वाचली. आणि एका माणसानं सगळं ऐकलं.

त्यांचं नाव तात्याबा. धनगर. पन्नाशीच्या पुढचे. वीस-पंचवीस शेळ्या-मेंढ्या. सकाळी जनावरं माळावर न्यायच्या आधी ते कळप ओट्याशी थांबवायचे, घोंगडी दारात टाकून बसायचे आणि म्हणायचे, "का वो बाई, आज पेपर काय म्हनतोय?"

त्यांना अक्षर येत नव्हतं. मी मोठ्यानं वाचायची. खरं सांगायचं तर मला माझा आवाज फार आवडायचा. आकाशवाणीवर बातम्या देणाऱ्या बायकांसारखा घशातून काढायचा, असा माझा प्रयत्न असे. सासूबाईंच्या मते ते घसा बसल्यासारखं वाटे.

एप्रिलात आपला माणूस रशियाच्या यानातून अंतराळात गेला. मी उभी राहून वाचलं. तात्याबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तितं वर चरायला काय हाय?"

"काही नाही, तात्याबा."

"प्यायला?"

"बरोबर नेलेलं."

"मंग धाडला कावून त्याला येवड्या लांब? आमी धर्मापुरीच्या रानात मेंढरं न्यायची म्हनलं तरी आदी पानी इचारतो."

मी चष्मा सावरून विज्ञानाबद्दल पाच मिनिटं बोलले. त्यातलं मला काहीच कळत नव्हतं. हे मात्र त्यांना कळलं होतं.

मग मे महिन्यात आपल्यातली एक बाई जगातल्या सगळ्यात उंच शिखरावर चढली. त्या दिवशी माझा आवाज आकाशवाणीच्याही वर गेला. तात्याबा म्हणाले, "लई भारी. पर उतरली कशी?"

"म्हणजे?"

"चडताना शेरडू बी चडतंय. उतरताना पाय मोडतोय. उतरल्याचं कुटं लिवलंय ते वाचा."

मी सगळा पेपर पालथा घातला. चढल्याचं पानभर, उतरल्याची ओळसुद्धा सापडली नाही. मी म्हटलं, "उतरली असेलच की, फोटो आहे."

"फोटू वरचा हाय का खालचा?" ते म्हणाले. फोटो वरचा होता.

ऑगस्टात परदेशातल्या मोठ्या शर्यतीत आपली केरळची पोरगी अडथळ्यांवरून पळाली आणि सेकंदाच्या शंभराव्या भागानं तिचं पदक हुकलं. मी रडकुंडीला आले होते. तात्याबांना शंभरावा भाग समजावताना पापणी मिटून दाखवली, आणि सांगितलं की यापेक्षाही कमी.

ते चार-पाच वेळा स्वतःची पापणी मिटून बघत बसले. मग म्हणाले, "बाई, ही हारली न्हाई. ही पोचली हुती. हरलंय ते घड्याळ."

असं ऐकून झालं की ते उठताना एकच मागायचे. "माजं बी नाव लिवा की वहीत. आलतो म्हनून."

आणि विमल काय म्हणायची ते ऐका. लाज वाटते, पण लिहिते. म्हणायची, "तात्याबा, ही वाचकांची वही आहे. सही करणारे वाचक. तुम्ही श्रोते." हा नियम सरकारचा नव्हता. कुठल्या पुस्तकातला नव्हता. हा विमलनं बसल्या जागी केलेला नियम. घरातल्या चौथी शिकलेल्या पोराला घेऊन एखादा बाप आला, तर पोराची सही घ्यायची आणि बापाला बाकड्यावर मोजायचं नाही. तात्याबा बिचारे "बराय" म्हणून घोंगडी झटकून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी हजर.

ऑक्टोबरच्या शेवटी पंतप्रधानबाई गेल्या. ते गावाला आधी रेडिओनं कळलं. दोन दिवसांनी पेपर आला तेव्हा खोलीत, ओट्यावर, चावडीपर्यंत माणसं. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांच्या गाड्यासुद्धा थांबल्या होत्या. मी वाचलं. त्या दिवशी आवाज माझाच निघाला, आकाशवाणीचा नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांच्या अंकांत दिल्लीत काय चाललंय ते आतल्या पानावर येत होतं. एक पान मी उघडलं आणि मिटलं. तात्याबा म्हणाले, "ते ऱ्हायलं की."

"त्यात काही नाही," मी म्हटलं.

डिसेंबरात भोपाळ. विषारी वायू, झोपेत मेलेली माणसं. वाचून झाल्यावर तात्याबांनी जे विचारलं ते मोठमोठ्या माणसांनी आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "वारं कुनीकडनं हुतं?" आणि मग, "जनावरं दाव्याला हुती का मोकळी?" मी फोटोत बघून म्हटलं, दाव्याला. ते त्या दिवशी नाव लिहा म्हणाले नाहीत.

जानेवारी आला. तपासणीची तारीख आली. निम्मं गाव कारखान्यांवर गेलेलं, हजेरीची वही उपाशी. सगळी भिस्त फलकावर. शाळेतून मी मोठाले पुठ्ठे मागून आणले, एकाला एक शिवले, वर रंगात लिहिलं: 'भारत १९८४'. कात्रणं चिकटवायला डिंक विकत आणायची ऐपत वाचनालयाची नव्हती, म्हणून घरी खळ शिजवली. ज्वारीचं पीठ, पाणी, चिमूटभर विषारी मोरचूद घालायचं असतं कीड लागू नये म्हणून. मोरचूद मी विसरले. ते विसरले म्हणून चार जीव वाचले, ते पुढं येईलच.

सासूबाई चुलीपाशी कंबरेवर हात ठेवून उभ्या. "ह्या घरात भाकरीला पीठ पुरंना, आन तू देश चिकटवतीस व्हय गं त्यानं?"

"आत्या, क वर्ग मिळणार आहे."

"क मिळू दे न्हाईतर ख. उद्याच्या भाकरी तू आन तुजा नवरा कागदाच्या खा."

दुपारी आबासाहेब आले. फलक बघितला. अंतराळवीर, शिखरावरची बाई, पळणारी पोरगी, पंतप्रधान, भोपाळ. पुढं मागं झाले. मग खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून स्वतःचा फोटो. फेटा, हार, हात जोडलेले.

"सूनबाई, ह्यो बी लावा. कडंला. लई मोठा नगं."

"आबा, हा देशाचा फलक आहे."

"मंग आमी कुटल्या देशाचं हाव?"

याला उत्तर अंबाजोगाईच्या वर्गात शिकवलं नव्हतं. मी खळीचं भांडं पुढं ओढलं, तर आबा म्हणाले, "पिठानं नगं. पडंल. म्या गोंद आनलाय, शहरातला." असा आबासाहेबांचा फोटो विकतच्या गोंदानं बसला, बाकी देश पिठानं.

तपासणीच्या दिवशी सकाळी खळ अजून ओलसर होती. मी फलक ओट्यावर उन्हात उभा केला आणि आत जाऊन स्वागताच्या भाषणाची तालीम सुरू केली. तात्याबांना म्हटलं, "तुम्ही तपासनीस व्हा. इथं खुर्चीवर बसा." ते आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले आणि जरा जास्तच तपासनीस झाले. मी म्हणाले, "मान्यवर महोदय, ज्ञानाची ही गंगोत्री..."

"गंगोत्री कुटली? हितं आड हाय, त्यो बी आटलाय."

"तात्याबा, मध्ये बोलायचं नाही."

"मी तपासनीस हाय. बोलनार."

मी पुन्हा सुरुवात केली. गंगोत्री, दीपस्तंभ, सरस्वतीचा दरबार. चांगली वीस मिनिटं. तात्याबा डोळे मिटून ऐकत होते. मधेच त्यांनी डोळे उघडले, कान दिला आणि म्हणाले, "बाई, भायेर लई शांत हाय. शेरडं शांत ऱ्हात न्हाईत."

आम्ही ओट्यावर आलो. त्यांची चांदी नावाची पांढरी शेळी आणि तिच्या तीन बहिणी पुठ्ठ्याला पाय लावून उभ्या होत्या. अंतराळ गेलं होतं. हिमालय गेला होता. शर्यत चांदीच्या तोंडातून अर्धी लोंबत होती. ज्वारीच्या खळीचा ओला थर. शेळीला यापरतं पक्वान्न नाही. वर 'भारत १९८४' ही अक्षरं तशीच, रंगाची होती म्हणून. आणि खाली उजव्या कडेला, अगदी सुखरूप, हात जोडून हसत असलेले आबासाहेब. शहरातला गोंद शेळ्यांना रुचला नव्हता.

मी ओट्यावर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. कात्रणं परत कुठून आणणार? पेपर कापून उरलेली रद्दी केव्हाच बांधून गेली होती. तात्याबा चांदीच्या पाठीत काठी घालायला निघाले, मग थांबले. मला म्हणाले, "तिला कशाला मारू? पीठ दिसलं, खाल्लं. तिला काय ठावं पंतप्रधान हाय म्हनून."

तेवढ्यात चावडीपाशी जीप आली. बीडहून तपासनीस साहेब, बारीक चणीचे, गळ्याला मफलर. शेजारी आबासाहेब, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. साहेब फलकासमोर उभे राहिले. वर वाचलं, खाली बघितलं. मग शेजारच्या आबासाहेबांकडं बघितलं, पुन्हा फोटोकडं बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "चौऱ्याऐंशी साली भारतात एवढंच झालं?"

माझ्या तोंडातून गंगोत्रीसुद्धा निघेना. आबासाहेबांना मात्र पेच कळला नव्हता. ते हात जोडून फोटोसारखेच उभे होते.

"साहेब, बाकीचं माज्या चांदीच्या पोटात हाय," तात्याबा म्हणाले. "तुमी बसा. मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. घोंगडीवर मांडी घालून, जानेवारीपासून, महिन्यामागून महिना. कुठला माणूस कुठल्या देशाच्या यानातून गेला, किती दिवस राहिला, बरोबर किती जण होते. शिखरावरची बाई कुठल्या गावची, आणि "ती उतरल्याचं पेपरवाल्यांनी लिवलं न्हाई, ते तुमी बीडला इचारा." पळणारी पोरगी किती अडथळे ओलांडून किती वेळात पोचली. मी वाचलेलं वाक्य न् वाक्य. माझ्या आवाजाची नक्कल करत, हेही सांगते, आकाशवाणी धरून. साहेबांना हसू आवरेना, मला मेल्याहून मेल्यासारखं.

ऑक्टोबरला आल्यावर ते सावकाश झाले. पंतप्रधानबाईंचं सांगितलं. मग म्हणाले, "आन त्याच्या म्होरं एक पान हुतं. ते बाईनी वाचलं न्हाई. त्यात काय न्हाई म्हनल्या. पर बाईच्या तोंडाकडं बगून कळलं, दिल्लीत मानसांनी मानसं मारली आसत्याल."

साहेबांनी मफलर काढून मांडीवर घेतला. मग भोपाळ झालं, वाऱ्याच्या दिशेसकट.

"आणि हे?" साहेबांनी फोटोकडं बोट केलं.

तात्याबांनी बराच विचार केला. "हे आबा. ह्येंचं बाईनी कायी वाचून दावलं न्हाई."

साहेब खोलीत आले, कपाटं बघितली, कोपऱ्यातली पोती बघितली, सतराव्या पानावरचे शिक्के बघितले. मग हजेरीची वही उघडली आणि कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, क वर्गाला रोजचे जेवढे वाचक लागतात, त्याच्या निम्मेही नाहीत."

"गाव ऊसतोडीला गेलंय, साहेब."

"ते समजलं. पण हे तात्याबा वर्षभर रोज आलेत. यांची एकही सही नाही."

"त्यांना वाचता येत नाही," मी म्हटलं, आणि चष्मा सावरला.

"मग आत्ता मला जे सांगितलं ते त्यांना कुठून आलं?"

"मी वाचून दाखवलं."

"म्हणजे वाचनालयात वाचलं गेलं, आणि माणसाच्या डोक्यात गेलं. याला वाचन म्हणायचं नाही, हे कुठल्या नियमात आहे? दाखवा मला."

कुठल्याच नव्हतं. वर्षभर मी माझ्या हातानं माझ्या खोलीतली माणसं बाहेर मोजली होती. आबासाहेबांना खोली हवी होती हे खरं, पण दाराची कडी विमलनंच आतून काढून ठेवली होती.

साहेबांनी शेरा लिहिला: मार्चअखेर फेरतपासणी. जीपमध्ये बसताना म्हणाले, "झालेल्या दिवसांचं नाव मागून घुसडू नका, मी अक्षर ओळखतो. उद्यापासून जो येईल तो लिहा."

दुसऱ्या दिवशी मी तात्याबांपुढं वही ठेवली. शिक्क्याची जांभळी शाई होतीच. त्यांनी अंगठा नीट धुतला, पुसला, शाईत बुडवला आणि असा दाबला की मागच्या तीन पानांवर उमटला. बघत राहिले. "आलतो म्हनायचं आता," म्हणाले.

पण एका अंगठ्यानं क होत नाही. मी दुपारी तीनचा वाचायचा तास सुरू केला आणि घरोघर बायकांना बोलवत फिरले. "आमास्नी काय कळतंय त्यातलं" असं म्हणून एकही येईना. चौथ्या दिवशी दारात बघते तर सासूबाई. डोक्यावर पदर, हातात निवडायला शेंगा.

"आत्या, तुम्ही?"

"देशाला पीठ माजं गेलं. काय झालं त्याचं ते बगाया नगं? वाच."

सासूबाई आल्या म्हटल्यावर त्यांच्या मागून आळी आली, कारण सासूबाई कुणाबद्दल काय बोलतात हे ऐकायला मिळणार होतं. शेंगा, कापूस, गोधडीचे तुकडे, सगळं घेऊन बायका बाकड्यांवर, फरशीवर, आबासाहेबांच्या पोत्यांवर बसायच्या. पोत्यांवर बसायला विशेष चढाओढ. मी बातम्या वाचायची आणि बायका त्यांचा निकाल लावायच्या. शिखरावर चढणाऱ्या बाईचं जुनं सांगितलं तर एकीनं विचारलं, "तिच्या सासूनं जाऊ कसं दिलं?" आणि सासूबाई पटकन म्हणाल्या, "दिलं आसंल एकादीनं. सगळ्याच काय वाईट नसत्यात." आणि माझ्याकडं बघायचं टाळलं.

मार्चअखेर साहेब आले तेव्हा वहीची पानंच्या पानं जांभळी. आबासाहेबांनी वही हातात घेऊन वास घेतल्यासारखं तोंड केलं. "साहेब, हे आंगठे म्हंजी वाचक व्हय? उद्या ही शेळीचा खूर बी उटवील."

"शेळीनं तर निम्मं वर्ष पचवलंय, आबासाहेब," साहेब म्हणाले. "तिचा हक्कच आहे."

मग ते बाकड्याच्या टोकाला, शेंगांच्या टरफलात, तीनच्या तासाला बसले. उठताना त्यांनी स्वतःचंही नाव हजेरीत लिहिलं. महिन्याभरानं कागद आला: वर्ग क. पोती आबासाहेबांच्याच गड्यांनी आबासाहेबांच्याच पडवीत नेऊन टाकली. आबासाहेब पुढं तालुक्याला मोठे झाले. क वर्ग मीच आणला, असं ते भाषणात सांगायचे. मी टाळ्या वाजवायची. क होता ना, टाळ्यांना काय जातंय.

आता एक राहिलं. क वर्ग मिळाल्यावर मी तात्याबांना रीतसर सभासद केलं. कार्ड दिलं. म्हटलं, सभासदाला घरी पुस्तक नेता येतं, कुठलं पाहिजे? ते चारी कपाटांपुढून फिरले, पुस्तकांना हात लावत, जनावराची पाठ बघावी तसे. सगळ्यात जाड होतं ते काढलं. रुमालात बांधलं. आठ दिवसांनी, बरोबर तारखेला, परत घेऊन आले. पान न् पान कोरं ठेवल्यासारखं स्वच्छ.

"कसं वाटलं, तात्याबा?"

त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि जरा नाराजीनं म्हणाले, "घरी न्हेलं, मांडीवर धरलं, उगडलं. बाई, हितं लई बोलतंय हे. घरी कायच बोललं न्हाई."

बाकड्यावरच्या बायका हसल्या. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मीही हसले आणि म्हणाले, "उद्यापासून अक्षर शिकवते तुम्हाला. महिन्याभरात वाचाल."

उद्या उजाडला, मी पेपर वाचला, ते ऐकून गेले. पाटी कपाटावर होती. ती खाली काढायला मला कधी वेळ झाला नाही. ते शेवटपर्यंत यायचे, वीस-बावीस वर्षं, शेळ्या गेल्या तरी काठी टेकत यायचे. इतका वेळ कसा झाला नाही, याची कारणं मी लोकांना पुष्कळ सांगितली आहेत. खरं कारण आज पहिल्यांदा लिहिते. ते वाचायला शिकले असते, तर माझ्याकडं कशाला आले असते?